चालतंय ना?

"अगं, चालतंय ना? मग कशाला उकरत बसतेस?" सर एवढंच म्हणाले, तेही बॅग खांद्याला लावून निघता निघता. लिनक्स कर्नलमधल्या दुरुस्तीचा माझा पॅच मंजूर करूनच गेले. म्हणजे तक्रार करावी असं काही घडलेलंच नाही. तरी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पूर्ण वेळ तेच वाक्य डोक्यात.

चालतंय हे खरंच आहे. यूएसबी बारकोड स्कॅनर लावलेलं मशीन झोपेतून उठताना ५ सेकंद ठप्प व्हायचं, ते आता होत नाही. पॅच केवढा? पोर्ट जागा झाल्यावर हब ड्रायव्हर, म्हणजे यूएसबीचे पोर्ट सांभाळणारा कर्नलचा कोड, १० मिलिसेकंद थांबतो, तिथे या एका स्कॅनरपुरते ३०. त्यासाठी एक क्वर्क फ्लॅग, म्हणजे 'याला वेगळं वागव' अशी खूण. बस्स. ते १० कुठून आले ते ठाऊक आहे. यूएसबी २.० च्या स्पेसिफिकेशनमध्ये रिझ्यूम, म्हणजे उठवण्याचा सिग्नल, संपल्यावर तेवढी उसंत द्यायची असं लिहिलंय, त्यानंतर डिव्हाइस उत्तराला तयार हवंच. आणि ३० कुठून आले? २० वर अधूनमधून अडत होतं, म्हणून. हेच टोचतंय बहुतेक.

स्कॅनर ज्यातून मशीनला जोडला होता त्या हबला सगळ्यांनी सुरुवातीलाच दोषी ठरवलं होतं. तपकीर गल्लीतला, नाव-गाव नसलेला, चार पोर्टचा. त्याची बाजू कोण घेणार? संशय अगदीच अनाठायी नव्हता म्हणा. अ‍ॅडॉप्टरशिवायच्या हबला वरून ५०० मिलिअँपिअर मिळणार, त्यातले १०० त्याचे स्वतःचे, उरलेले प्रत्येक पोर्टला १००. पण अ‍ॅडॉप्टरवाला हब लावला तरी तेच. स्कॅनर थेट बोर्डात खोचला तरी तेच, जरा क्वचित इतकंच. ऑटोसस्पेंड, म्हणजे रिकामं डिव्हाइस आपोआप झोपवणं, बंद केलं, काही फरक नाही, कारण अख्खी सिस्टिम झोपायला निघते तेव्हा त्या सेटिंगला कुणी विचारत नाही. मग पीएम-टेस्ट या कर्नलच्या चाचणी-सेटिंगमध्ये 'डिव्हाइसेस' लिहून झोपवलं. त्यात मशीन खरं झोपत नाही, डिव्हाइस तेवढे सस्पेंड होतात आणि ५ सेकंदांनी परत उठतात. तरी अडलं. म्हणजे बायोसवरचा संशय गेला, पोर्टची वीज जाते ही शंकाही गेली.

लॉगमध्ये उणे ११०, म्हणजे टाइमआउटचा एरर कोड, दिसला की लगेच "केबल बदल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. केबल खराब असली की बहुधा उणे ७१ येतो. उणे ७१ म्हणजे दार वाजवलं आणि आतून उत्तरच नाही, किंवा जे आलं ते धड कळलं नाही. उणे ११० म्हणजे आतून "आले, आले" असा आवाज येत राहतो आणि दार काही उघडत नाही. स्कॅनर सेटअप पॅकेट, म्हणजे प्रश्न, घेतो, पोच देतो, आणि उत्तर मागितलं की नॅक, म्हणजे 'अजून नाही', पुन्हा नॅक, पुन्हा नॅक. कंट्रोल रिक्वेस्टची मुदत ५००० मिलिसेकंद. ती संपेपर्यंत हेच.

यूएसबीवरची सगळी देवाणघेवाण नोंदवणाऱ्या यूएसबीमॉनमध्ये हे इतकं स्वच्छ दिसतं की रडू येईल. २३ ०१ ०००२, म्हणजे पोर्टचं सस्पेंड काढ. ४० मिलिसेकंद शांतता. पोर्टची स्थिती ०१०३: जोडलेलं आहे, चालू आहे, वीज आहे, आणि आधीच्या ०१०७ मधला सस्पेंडचा बिट गेलेला. हबने आपलं काम वेळेत आणि बिनबोभाट केलंय. मग १० मिलिसेकंद, आणि स्कॅनरला ८० ००, तुझं स्टेटस सांग. दोन बाइटचं उत्तर यायला हवं. त्यानंतर ५ सेकंद पान कोरं. शेवटी यूएसबीमॉन उणे २ दाखवतो आणि लॉग उणे ११०. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. मुदत संपल्यावर कर्नल ती रिक्वेस्ट स्वतःच रद्द करतो, रद्द झाल्याचा कोड उणे २, आणि वरच्या थरात त्याचंच टाइमआउट होतं. पुढे ड्रायव्हर रीसेट मारून पाहतो, फुल-स्पीड डिव्हाइस रीसेट केल्याची ओळ उमटते, सगळं सुरळीत. जणू काही झालंच नव्हतं.

सगळ्यात जास्त छळलं ते लॉगनेच. हब ड्रायव्हरचं डायनॅमिक डीबग, म्हणजे तपासणीचा जादा लॉग, चालू केलं की बग गायब. बंद केलं की हजर. बोर्डाचा कन्सोल सीरियल आहे, ११५२०० बॉड. एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद, ८० अक्षरांच्या ओळीला जवळजवळ ७ मिलिसेकंद. नको तिथे तीन ओळी छापल्या की २० मिलिसेकंद आपोआप मिळाले. म्हणजे माझा पॅच जे करतो तेच लॉग करत होता, फुकट आणि कुणाच्या मंजुरीशिवाय. यूएसबीमॉन मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो, म्हणून त्याच्यापुढे बग लाजत नाही.

आणि वेकअप. इथे मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. स्कॅनर स्वतःची ओळख कीबोर्ड अशी करून देतो आणि अशा साध्या, बूट प्रोटोकॉलच्या कीबोर्डला लिनक्स रिमोट वेकअप, म्हणजे झोपलेलं मशीन उठवायची मुभा, आपण होऊन देतो. एरवी सिस्टिम झोपताना यूएसबी २ च्या प्रत्येक पोर्टला वेगळं सस्पेंड करत नाहीत. रूट हबने, म्हणजे मशीनमधल्याच मूळ हबने, पॅकेट थांबवली की ३ मिलिसेकंदांत खालचे सगळे आपापले झोपतात. पण पोर्ट स्वतंत्रपणे सस्पेंड केलेला नसेल तर बरेच हब खालचा वेकअप वर पोचवतच नाहीत. म्हणून वेकअपवाल्या डिव्हाइसचा पोर्ट ड्रायव्हर मुद्दाम सस्पेंड करतो. मग उठताना त्याचं रिझ्यूमही वेगळं, सगळ्यात शेवटी, आणि पाठोपाठ प्रश्न. वेकअप बंद केलं तर स्कॅनर बाकीच्यांबरोबर आधीच उठतो, हब सावरेपर्यंत त्यालाही वेळ मिळतो. बंद ठेवून पाहिलं, रात्रभर आरटीसी-वेकवर, म्हणजे मशीनच्या घड्याळाच्या गजरावर, झोप-ऊठ चालू होती, एकदाही अडलं नाही.

हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा समोर दोघे लॅपटॉपमध्ये होते. अप्रेझलच्या फॉर्मात "२० मिलिसेकंद" कसं लिहितात, कुणास ठाऊक.

वेकअप बंद ठेवणं चालणार नाही, ट्रिगर दाबला की मशीन उठायला हवं ही क्लायंटची अटच आहे. रीसेट-रिझ्यूमचा, म्हणजे उठवताना डिव्हाइस सरळ रीसेट करण्याचा, कर्नलमधला तयार क्वर्क, 'बी' अक्षराचा, एका ओळीत झाला असता. पण रीसेट म्हणजे ज्या स्कॅनने मशीन उठवलं तोच बारकोड गेला. 'एन' अक्षराचा क्वर्क प्रत्येक कंट्रोल मेसेजच्या नंतर थांबतो, आपल्याला हवं आधी. फिरून फिरून तेच ३०.

माझा अंदाज असा: जागा होताना स्कॅनरच्या आतलं फर्मवेअर घड्याळं स्थिर होईपर्यंत थांबतं आणि शेवटी इंटरप्टचे, म्हणजे 'काम आलंय' सांगणारे, फ्लॅग एकगठ्ठा पुसतं. सेटअप त्याआधी आलं तर हार्डवेअर पोच देतं, पण फर्मवेअरला त्याचा पत्ताच लागत नाही. नॅकची माळ यात चपखल बसते. सिद्ध करता येणार नाही, फर्मवेअर आपलं नाही. इथेच "चालतंय ना" पुन्हा टोचतं. चालतंय हो, पण माझ्या अंदाजावर चालतंय.

रात्री कर्नलची यूएसबीची हेडर फाइल उघडली, सहज. रिझ्यूम सिग्नल किती वेळ द्यायचा त्याचा आकडा २०१५ पासून ४० आहे. स्पेसिफिकेशन म्हणतं किमान २०. वरची टिप्पणी सरळ सांगते: २० ची झोप कधीकधी २० च्या जरा आधीच मोडते, आणि बऱ्याच डिव्हाइसना २० पुरतच नाहीत. म्हणून ४०. म्हणजे दुप्पट केले आणि कारण लिहून मोकळे झाले! जगभरातली मशीनं त्यावर उठतायत आणि आमचे सर एकटेच बदनाम. हसू आलं.

तर आता असं. उद्या पॅच पुन्हा पाठवायचा, आकडा ३० च. वर टिप्पणी: वेकअप चालू असतानाच का, उणे ७१ नसून उणे ११० का, सीरियल लॉग चालू ठेवून तपासू नये का. फर्मवेअरचा अंदाज लिहायचा, आणि तो अंदाज आहे हेही. स्कॅनरवाल्यांना यूएसबीमॉनची फाइल मेल करायची, उत्तर आलं तर आलं. कमिटचं, म्हणजे पॅचच्या नोंदीचं, शीर्षक मात्र ७५ अक्षरांत काही केल्या बसत नाहीये.