आमची वाटचाल : पाउचवरची तारीख

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) आणि तान्ह्या बाळांच्या फीडिंग ट्यूबपासून. नळी कापायची, पाउचमध्ये भरून सील करायची आणि ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूने होणाऱ्या, निर्जंतुकीकरणासाठी बाहेर पाठवायची. बाजारात तेव्हा एक्सपायरी म्हणजे पाच वर्षं हे ठरूनच गेलं होतं. पाचच का, असं कुणी विचारत नसे.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात एक्सपायरीच्या मुदतीला साठ महिने, म्हणजे पाच वर्षं, ही सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त हवं असेल तर केंद्रीय परवाना प्राधिकरणाला पुरावा पटवून द्यावा लागतो. पण मर्यादेच्या आत जी तारीख छापू, तिच्याही मागे चाचणी हवीच, असं मी आणि माझ्या बायकोने ठरवलं. आमचं क्वालिटीचं सगळं कामकाज तीच बघते.

आमच्या मालात नळी सहसा टिकते, आधी दगा देतं ते सील. कागद आणि फिल्म जिथे जुळतात तिथे बारीकशी वाट पडली, की आतला माल निर्जंतुक राहिला असं म्हणता येत नाही. म्हणून पाउच ५५ अंश तापमानात ठेवून जुने करतात. दर दहा अंशांना झीज दुप्पट होते असं धरलं, तर २५ अंशांच्या गोदामातलं एक वर्ष साधारण ४६ दिवसांत उरकतं. मग सीलपाशी रंगद्रव सोडून गळती बघायची, पाउच सोलून चिकटण्याची ताकद मोजायची. तरीही हा अंदाजच. त्याच लॉटचे, म्हणजे एकत्र बनलेल्या त्याच मालाचे, नमुने कपाटात खरीखुरी वर्षं काढत असतात, आणि माझा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

निर्जंतुकीकरणाची तारीख हीच उत्पादनाची तारीख म्हणून देण्याची नियमांत मुभा आहे. आम्ही मात्र सील केल्याचा महिना धरतो.

पहिल्यांदा आम्ही तीनच वर्षं छापली. डीलर म्हणाले, ‘साहेब, बाकीचे पाच देतात. तुमचा माल पुढे कसा रेटायचा?’ काही ऑर्डरी गेल्या, आणि त्या वेळी ते फार जड गेलं. कपाटातल्या नमुन्यांचे निकाल हाती आल्यावरच आम्ही मुदत वाढवली.

उपकरणाचा माग काढता यावा म्हणून त्यावर छापायच्या ओळख क्रमांकाचं, म्हणजे यूडीआयचंही तसंच. नियमांत त्यासाठी १ जानेवारी २०२२ ही तारीख होती, ती पुढे ढकलली गेली. आम्ही तयारी थांबवली नाही. छोट्या चौकोनी कोडमध्ये (०१) नंतर उत्पादनाचा क्रमांक, (१७) नंतर एक्सपायरी, (१०) नंतर लॉट. एका रुग्णालयातून कनेक्टर सैल असल्याची तक्रार आली, तेव्हा लॉटवरून तो माल कुणाकुणाकडे गेला ते त्याच दिवशी कळलं आणि तेवढेच बॉक्स परत मागवता आले.

कोड बॉक्सवर छापला की पुरे, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. खर्च वाचतो हे खरं आहे. पण वॉर्डात बॉक्स फोडून पाउच ट्रेमध्ये ओततात आणि रिकामा बॉक्स रद्दीत जातो. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात येतो तो एकटा पाउच. त्यामुळे लॉट, एक्सपायरी आणि कोड आम्ही प्रत्येक पाउचवर छापतो. त्यासाठी घेतलेल्या प्रिंटरचे हप्ते अजून चालू आहेत.