काचेवर लावलेला दर

बाळाचे फोटो काढायला जर्मनीत श्टुटगार्टमध्ये स्टुडिओ शोधत होते, तर दुकानात पाऊल टाकायच्या आधीच सगळा हिशेब कळला. दर्शनी काचेत दरपत्रक: ४५ मिनिटं, १० फोटो, १४९ युरो. जादा फोटो १२ युरो. घरी बोलवायचं तर २० किलोमीटरनंतर किलोमीटरमागे ५० सेंट. १९ टक्के कर धरूनच.

हा स्टुडिओवाल्या बाईंचा चांगुलपणा नाही, इथला कायदाच आहे. 'प्राइसआंगाबेनफेअरऑर्डनुंग', म्हणजे किंमत जाहीर करण्याचा नियम, असं त्याचं लांबलचक नाव. सेवा देणाऱ्याने मुख्य कामांचे दर दुकानात आणि दर्शनी खिडकी असेल तर तिथेही लावायचे, ग्राहकाला किंमत करासकट सांगायची. केशकर्तनालयातही तेच. तोडकंमोडकं जर्मन बोलणाऱ्या माझ्यासारखीला याचा किती आधार वाटतो! काही विचारावं लागत नाही आणि तोंड बघून भाव ठरत नाही.

सांगलीला भावाच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला होता, "घरचंच कार्य आहे, पैशाचं नंतर बघू." अल्बम देताना ड्रोनचे वेगळे, वाढीव पानांचे वेगळे, दुसऱ्या कॅमेऱ्याचे वेगळे. ओळखीतला माणूस, म्हणून आईने मुकाट्याने दिले. तिचा तो चेहरा मला अजून खुपतो.

पण तोच माणूस हळदीपासून पाठवणीपर्यंत पाय मोडेस्तोवर उभा होता. आजीला उन्हातून उठवून सावलीत बसवलं आणि तिचे निवांत फोटो काढले. इथे ४५ मिनिटं संपली आणि कॅमेरा पिशवीत गेला, बाळ नेमकं तेव्हाच हसायला लागलं होतं. नियमाने बाईंचं काही चुकलं नाही, तरी मला राग आलाच.

आणि हक्काचं बघा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. इथे मूळ हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो, आपल्याला घरगुती प्रती काढायची मुभा. मंडळाच्या स्मरणिकेत माझ्याच लेकराचा फोटो छापायला मला परवानगी मागावी लागली. यात आपला कायदा मला जास्त माणुसकीचा वाटतो.

साताऱ्यात माझा मावसभाऊ आता लग्नांचे फोटो काढायला लागलाय. त्याला त्या दरपत्रकाचा फोटो पाठवला. तास, फोटो, अल्बमची पानं, ड्रोन, प्रवास, आगाऊ रक्कम, जीएसटी लागत असेल तर तोही धरून, सगळं लिही म्हटलं.

"ताई, भाव लिहिला की गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं."

जाऊ दे. तरी लिही. फक्त वरची १५ मिनिटं मोजत बसू नकोस, एवढं मीच त्याला बजावलं.