9:55.8

बास्केटबॉलच्या सामन्यात स्कोअर आणि वेळ सांभाळायला टेबलवर बसणाऱ्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी लोकांना माहीत असेल, तर काहीतरी चुकलंय असं समजायचं. हे आमच्या काकांचं वाक्य. काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने स्कोअरर. खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं. पहिला-तिसरा क्वार्टर लाल, दुसरा-चौथा निळा. मी ठाण्यातल्या एका शाळेत पी.टी.चा सर, आणि पावसाळी स्पर्धांच्या मोसमात बास्केटबॉलच्या टेबलवर टायमर. मानधन विचारू नका. वडापाव आणि रिक्षाचं भाडं सुटलं तर सुटलं.

ऑगस्टातला शनिवार. नेरूळमधल्या एका शाळेत सतरा वर्षांखालच्या मुलींची फायनल. कोर्ट सिमेंटचं, वर पत्र्याची शेड. सकाळचे दोन सामने बाहेरच्या उघड्या कोर्टवर होते, ते पावसाने धुतले. त्यावर काकांची टिप्पणी ठरलेली : ‘‘1936 ला बर्लिनमध्ये ऑलिंपिकची पहिली फायनल उघड्यावर, चिखलात झाली. ड्रिबल करायला बॉल उसळतच नव्हता. अमेरिका 19, कॅनडा 8. आणि आपली पोरं सॉक्स ओले झाले म्हणून रडतात.’’

शेडखाली बसलो, पण पावसाला पत्रा मिळाला की तो नुसता पडत नाही, वाजतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाइट गेले आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड मेला. जनरेटरवर ट्यूबलाइट आल्या, बोर्ड काही आला नाही. मग स्कोअर हाताने उलटायच्या आकड्यांवर आणि वेळ माझ्या हातातल्या स्टॉपवॉचवर. हे घड्याळ पुढे मोजतं. क्वार्टर दहा मिनिटांचा, त्यामुळे 9:40 दिसलं की उरले वीस सेकंद, ही वजाबाकी डोक्यात चालू ठेवायची. शेवटची दोन मिनिटं मी मोठ्याने ओरडून सांगत होतो. पहिल्या रांगेपलीकडे ते कुणाला ऐकू जात असेल असं वाटत नाही.

पिवळा संघ 43, निळा 42. घड्याळात 9:53.9, म्हणजे सहा सेकंद आणि वर किंचित. निळ्यांच्या मुलीवर शूट करताना फाउल, म्हणजे तिला कुणी न अडवता मारायचे, एकेका पॉइंटचे दोन फ्री थ्रो.

इथे थोडं थांबून म्युनिकचं सांगितलं पाहिजे, कारण नेमक्या याच क्षणी ते माझ्या डोक्यात आलं, आणि घोळ तिथेच झाला.

टेबलवर नवीन माणूस आला की काका त्याला नियमावलीच्या आधी 1972 ची म्युनिकची फायनल सांगतात. मी ती इतक्यांदा ऐकलीय की आता मीच नवीन पोरांना सांगतो. सोव्हिएत युनियन विरुद्ध अमेरिका. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी सामना रात्री पावणेबाराला सुरू झालेला. तोवर ऑलिंपिकमध्ये अमेरिका बास्केटबॉलचा एकही सामना हरलेली नव्हती, ओळीने 63 विजय. त्या रात्री मात्र ती सबंध सामनाभर मागे होती. शेवटी 49-48 असताना डग कॉलिन्सने पास पळवला, रिंगकडे धावला आणि फाउल होऊन बास्केटच्या खांबापाशी जाऊन आदळला. उठला, दोन्ही फ्री थ्रो टाकले. 50-49. सामन्यातली अमेरिकेची पहिली आघाडी, आणि उरले तीन सेकंद.

पण दुसऱ्या फ्री थ्रोच्या ऐन वेळेला टेबलवरून हॉर्न वाजला होता. सोव्हिएत प्रशिक्षक कोंद्राशिन यांना टाइमआऊट, म्हणजे संघाशी बोलायला खेळात थांबा, हवा होता. त्या काळी प्रशिक्षकाने बटण दाबलं की टेबलवर दिवा लागायचा. मागितला कधी, मिळायला हवा होता कधी, यावर आजही लोक भांडतात. टाइमआऊट मिळाला नाही, बॉल रेषेबाहेरून खेळात आला, आणि सोव्हिएत मंडळी टेबलवर धावून गेली. ब्राझीलचे रेफरी रिगेत्तो यांनी खेळ थांबवला तेव्हा एक सेकंद उरला होता. मग प्रेक्षकांतून खाली आले विल्यम जोन्स, आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस. त्यांनी तीन बोटं वर केली : घड्याळ तीन सेकंदांवर न्या. चालू सामन्यात असा हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नव्हता, पण नाही म्हणणार कोण?

पुढची गंमत टेबलवाल्यालाच कळेल. जुनं घड्याळ, ते तीनवर आणायला वेळ लागत होता. बोर्डावर 50 सेकंद दिसत असतानाच बॉल खेळात दिला गेला. हॉर्न वाजला, अमेरिकन नाचायला लागले. पुन्हा थांबवलं. पुन्हा तीन सेकंद. या तिसऱ्या वेळी एदेश्कोने या टोकाकडून त्या टोकाला पास फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो रिंगखाली घेतला आणि टाकला. 51-50. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीपुढे गेली आणि 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली गेली. क्युबा, हंगेरी, पोलंड एकीकडे, इटली आणि पोर्तो रिको दुसरीकडे. रिगेत्तोंनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती अजून तशीच पडून आहेत.

लोक हा किस्सा शीतयुद्धाचा म्हणून सांगतात. आम्ही तो बटणाचा म्हणून सांगतो.

तर निळ्यांच्या मुलीने पहिला फ्री थ्रो टाकला. 43-43. पिवळ्यांच्या मॅडम टेबलपाशी आल्या, हाताने टाइमआऊटची खूण केली. काका म्हणाले, ‘‘पिवळा. आत गेला तर.’’ मी मान हलवली. आताचा नियम सोपा आहे : दोन फ्री थ्रोंच्या मध्ये टाइमआऊट नाही, शेवटचा आत गेला तर तिथे मिळतो. बॉल जाळीतून पडला की मी हूटर दाबायचा. एवढंच काम.

आणि मी त्या मुलीकडे बघत बसलो. एका पॉइंटचा खेळ, शेवटचे सेकंद, दोन फ्री थ्रो. डोक्यात कॉलिन्स. बॉल रिंगवर टेकला, मागच्या बाजूला गेला, रिंगच्या कडेवरून अर्धा गरगरला. मी वीस वर्षांचा प्रेक्षक झालो होतो. पडला आत. 44-43. शेड उठली. पिवळ्यांच्या पोरीने बॉल उचलला, रेषेबाहेर गेली, आत टाकला, आणि माझ्या अंगठ्याने सवयीने घड्याळ सुरू केलं. तेव्हा आठवलं.

हूटर दाबला. बॉल खेळात असताना. अर्ध्या मुली थांबल्या, अर्ध्या धावत राहिल्या. मॅडम कोर्टात. रेफरीने शिट्टी मारली, मी घड्याळ थांबवलं. 9:55.8.

‘‘सर, किती?’’ रेफरी टेबलशी आले.

‘‘चार पॉइंट दोन.’’

‘‘नक्की?’’

घड्याळच दाखवलं. मग म्हणालो, ‘‘मॅडमनी टाइमआऊट वेळेत मागितला होता. मी दाबला नाही. चूक माझी.’’

हे म्हणायला मला धैर्य वगैरे लागलं नाही. काका शेजारी बसले होते, दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

निळ्यांचे पालक म्हणत होते, आमचा डिफेन्स लागला होता, मग खेळ का थांबवला? मॅडम म्हणत होत्या, माझे दोन सेकंद परत द्या. दोघांचंही बरोबर होतं. पण ते दोन सेकंद खेळून झाले होते. रेफरींनी ठरवलं : वेळ 4.2, बॉल पिवळ्यांचा, जिथे थांबला तिथल्या जवळच्या साइडलाइनवरून. आणि आता बॉल डेड आहे, म्हणजे खेळ थांबलेला, तेव्हा मॅडमना टाइमआऊट हवा तर घ्या. त्या गलक्यात काका स्कोअरशीटवरून मान वर न करता म्हणाले, ‘‘प्रेक्षकांत कुणी विल्यम जोन्स आहे का बघा.’’ मला हसू आलं नाही.

टाइमआऊटच्या त्या मिनिटभरात मी एकच ठरवलं. शेवटच्या सेकंदाला डोळे घड्याळावर, आणि अंगठा दाबताक्षणी बॉलवर. रिंगवर नाही, बॉलवर. कारण वेळ संपायच्या आत हातातून सुटलेला शॉटच धरतात. मोठ्या स्पर्धांत वेळ संपली की रिंगमागच्या बोर्डाच्या कडेने लाल दिवा पेटतो, बॉल हातात होता की सुटला होता ते कॅमेऱ्यात दिसतं. 2000 साली सिडनीच्या सेमीफायनलमध्ये लिथुएनियाच्या यासिकेविचियसने शेवटच्या क्षणी तीन पॉइंटचा शॉट मारला. बसला असता तर अमेरिका गेलीच होती, पण तो कमी पडला आणि अमेरिका 85-83 ने सुटली. टेबलवाल्यांना देव पावला म्हणायचं, कुणाला काही विचारावंच लागलं नाही. मीही मनात तेच मागत होतो. कुणीही जिंको, पण स्वच्छ.

थ्रो-इन. पिवळ्यांची सात नंबर, त्यांची कॅप्टन, बुटकीशी. बॉल घेतला, उजव्या कोपऱ्याकडे दोन ड्रिबल, एक खोटी हूल. 9:58. 9:59. पाय उचलले. 10:00, दाबलं, नजर वर : बॉल तिच्या उजव्या तळव्यावर, कपाळाच्या वर, बोटं अजून मागे वाकलेली. मग सुटला. बोर्डाला लागून आत.

पत्र्यावर पाऊस इतका की माझा हूटर टेबलवरच्या चौघांपलीकडे गेलाच नाही. रिंगखालचे रेफरी माझ्याकडे बघत होते. शॉट क्लॉकवरचा पोरगा रिंगकडे बघत होता, काकांचं डोकं शीटमध्ये. पिवळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. रेफरी चालत आले. धावत नाही, चालत.

‘‘हातात की सुटलेला?’’

‘‘हातात.’’

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग दोन्ही हात आडवे हलवून बास्केट रद्द केली. 44-43, निळे.

पुढचं सांगायला नको. ज्या माणसाने पाच मिनिटांपूर्वी या संघाचा टाइमआऊट गिळला, तोच आता त्यांची बास्केट गिळतोय. मॅडम काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. एका पालकाने मी निळ्यांच्या शाळेचा आहे असं शोधून काढलं. मी ठाण्याचा, दोन्ही शाळा नवी मुंबईच्या, पण ते ऐकायला कोण थांबतंय.

तक्रार नोंदवायची तर कॅप्टनने सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत स्कोअरशीटवर ठरलेल्या जागी सही करायची असते. सात नंबर दहाव्या मिनिटाला आली. गुडघ्यावर सिमेंट घासल्याचं रक्त, हातात पाण्याची बाटली. काकांनी जागा दाखवली, निळं पेन दिलं. तिने ते घेतलं आणि मला विचारलं, ‘‘सर, मघाशी टाइमआऊट तुम्ही विसरलात ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग आता विसरला नाहीत कशावरून?’’

या प्रश्नाला उत्तर नाही. मी तळवा कपाळाच्या वर नेऊन दाखवला, बोटं मागे वाकवून. ‘‘असा होता बॉल.’’ तिने माझ्या हाताकडे बघितलं, आणि स्वतःचा हात नकळत तसाच थोडा वर नेला. मग खाली घेऊन सही केली. सही कसली, वहीवर घालतात तसं पूर्ण नाव, आडनावासकट, चौकटीच्या बाहेर गेलेलं.

रेफरींनीही सही केली. समितीने माझ्याकडून लेखी मागितलं. मी टाइमआऊटचंही लिहिलं आणि शॉटचंही. त्यातले एक सर म्हणाले, टाइमआऊटचं कुणी विचारलं नव्हतं, कशाला लिहिलंत? तासाभरात तक्रार फेटाळली गेली. तिघांचं एकमत झालं, म्युनिकइतकं ताणलं गेलं नाही.

रात्री नेरूळहून ठाणे लोकल पकडली. काका समोर, मांडीवर ओली छत्री. तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं, कुणी बोलेना. घणसोलीला ते म्हणाले, ‘‘बॉल खरंच हातात होता?’’

‘‘हातात होता, काका.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, आणि ऐरोलीला उतरताना छत्री सीटवरच विसरले.