खोडलेला शब्द

मंगळवार, रात्री उशिरा

वहीतला माझा एक शब्द आज मॅडमनी पेन्सिलीने खोडला. त्या रागावल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. ‘पेशी थकल्या’ यातील दुसऱ्या शब्दावर एक सरळ रेघ ओढली, समासात ‘६१’ एवढा आकडा लिहिला आणि वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, कारण चूक माझी होतीच, आणि चुकीबद्दल बोलणी खाण्याची मला सवय आहे. शब्द खोडला जाण्याची नाही.

शनिवारी रात्री पांढऱ्या उंदराच्या, मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींवर जीएनआरएच हे, संप्रेरक सोडण्याचा निरोप देणारे दहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड दर तासाला सहा मिनिटे सोडायचे होते. टायमर लावायचा राहून गेला आणि झडप उघडीच राहिली. पेशींवरून वाहून येणाऱ्या द्रवाच्या, दहा दहा मिनिटांनी एक अशा साठ नळ्या भरेपर्यंत ते पेप्टाइड पेशींवर अखंड वाहत होते. पेशी त्या निरोपावर जे संप्रेरक सोडतात त्या एलएचची मोजणी आज हाती आली. तिसऱ्या नळीत उंच शिखर, मग घसरण, आणि विसाव्या नळीपासून पुढे जमिनीला टेकलेली रेघ. ती पाहून मला त्या पेशींची कीव आली आणि मी ‘थकल्या’ असे लिहून मोकळी झाले. रात्रभर कोणी हाक मारत राहिले तर कोण थकणार नाही, असा काहीसा विचार मनात असावा. या आठवड्यात मला एकंदरीतच सगळे थकलेले दिसत आहेत. भावाचा फोन आजही घेतला नाही, पण ते जाऊ दे.

तासाला सहा मिनिटे हा हिशेब आमच्या पदरचा नाही. १९७८ मध्ये अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर हेच केले होते. त्या माकडांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच येणे बंद करण्यात आले होते, त्यामुळे पिट्युटरीतून एलएच आणि एफएसएच ही प्रजननाची संप्रेरके जवळजवळ स्रवत नव्हते. बाहेरून जीएनआरएचची तासाला एक झुळूक दिल्यावर दोन्ही संप्रेरके परत आली. तेच पेप्टाइड सलग दिल्यावर ती पुन्हा खाली गेली. आणि झुळका सुरू करताच पुन्हा वर आली. पुढे तर असेही दिसले की झुळका तासाऐवजी तीन तासांनी दिल्या की एलएच उतरते आणि एफएसएच चढते. पेप्टाइड तेच, ग्रंथी तीच, फक्त मधली शांतता लांबलेली. हे सगळे मला पाठ आहे, परीक्षेत मी ते लिहिलेही आहे. तरीही शनिवारची रेघ पाहून हातून ‘थकल्या’ हाच शब्द उतरला.

एकसष्टावी नळी मी पाहिलीच नव्हती. प्रयोग संपवताना पेशी जिवंत आहेत का हे तपासण्यासाठी शेवटी पोटॅशियमचे द्रावण सोडतात, आणि रविवारी पहाटे, चूक लक्षात येऊन हातपाय गळाले असतानाही, मी ते केवळ सवयीने सोडले होते. पोटॅशियमला ग्राहीशी, म्हणजे जीएनआरएच ओळखणाऱ्या पेशीवरच्या रेणूशी, देणेघेणे नसते. ते पेशीच्या पटलावरचा विद्युतभार बदलते, कॅल्शियम आत शिरते आणि साठवलेले कण रिकामे होतात. एकसष्टाव्या नळीत एलएच आहे, आणि चांगले भरपूर आहे. म्हणजे कोठारात माल होता. पेशी देऊ शकत होत्या, फक्त जीएनआरएचला देत नव्हत्या.

मला बोचले ते हेच. थकणे ही दया यावी अशी गोष्ट आहे; ऐकू येईनासे होणे ही तशी नाही, आणि मी ज्यांच्यासाठी हळहळत होते त्या मुळी हळहळ करण्याजोग्या अवस्थेत नव्हत्याच. दिवसभर मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते की पेशींतला एलएचचा साठाही थोडा उतरला असणारच, आणि ते खरेही आहे, कारण एकसष्टावे शिखर पहिल्या शिखराच्या निम्मेच आहे. पण निम्मे म्हणजे शून्य नव्हे. तळाला टेकलेल्या रेघेचा खुलासा निम्म्या कोठाराने होत नाही.

संध्याकाळी यातली एक गंमत आठवली आणि थोडे हसू आले. मासे, बेडूक, पक्षी यांच्या जीएनआरएच-ग्राहीला पेशीच्या आत लोंबणारी एक शेपटी असते. संदेश अती झाला की त्या शेपटीच्या आधाराने ग्राही झटपट बंद पडतो. सस्तन प्राण्यांच्या नेहमीच्या ग्राहीला ही शेपटीच नाही, त्यामुळे शेपूट घालण्याची सोय त्याला निसर्गाने ठेवलेली नाही. तो बिचारा बराच वेळ ऐकत राहतो, आणि मग काही तासांत पृष्ठभागावरचे ग्राही कमी होत जातात आणि आतली निरोपानिरोपीही मंदावते. कुत्र्यांना तात्पुरत्या गर्भनिरोधनासाठी कातडीखाली जी डेस्लोरेलिनची, म्हणजे जीएनआरएचसारखेच काम करणाऱ्या औषधाची, कांडी बसवतात, ती याच वाटेने काम करते, आणि म्हणूनच सुरुवातीला मादी उलट माजावर येऊ शकते: आधी शिखर, मग तळ. टायमर विसरून मी जे केले ते पशुवैद्य मुद्दाम करतात, एवढाच काय तो फरक.

येथून माणसांवर घसरण्याचा मोह होतो आहे. तो आवरते.

‘थकल्या’च्या जागी काय लिहावे यावर तासभर गेला. ‘बहिऱ्या झाल्या’ लिहिले असते तर तेही उद्या खोडले गेले असते, आणि योग्यच झाले असते. शेवटी लिहिले: ‘नळ्या २० ते ६०, जीएनआरएचला प्रतिसाद नाही. नळी ६१, पोटॅशियमला प्रतिसाद, पहिल्या शिखराच्या निम्मा.’ त्याखाली, लहान अक्षरात: ‘टायमर लावला नव्हता.’