पाच क्वार्ट काळं ऑइल

बुधवारी सकाळी कचऱ्याचे डबे आत घ्यायला गेले, तर निळ्या, रिसायकलिंगच्या डब्याच्या दांडीला नारिंगी चिठ्ठी लटकत होती. वर मोठ्या अक्षरांत ‘ऊप्स!’, खाली आठ-दहा चौकोन आणि त्यातल्या एकावर पेनाने ठसठशीत खूण: मोटर ऑइलच्या बाटल्या चालत नाहीत. गल्लीतले बाकीचे निळे डबे रिकामे होऊन वेडेवाकडे पडले होते. आमचा एकटाच भरल्या पोटाने ताठ उभा, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. समोरच्या आजी कुत्रं फिरवून परत येत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. रोजच हसतात, पण त्या दिवशीचं हसू मला लागलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात! पण कॅलिफोर्नियातल्या बे एरियात येऊन मला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत मी काय काय धुतलंय ते मलाच माहीत. दह्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, चिकट मधाच्या बाटल्या. दुष्काळात पाणी वाचवा असं सांगणाऱ्या राज्यात मी गरम पाण्याने कचरा घासत आले. गणपतीत निर्माल्याच्या हारातून दोरा ओढून काढते, कारण फुलं ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात जातात आणि दोरा काळ्यात. ओला कचरा वेगळा ठेवायचा कायदा कॅलिफोर्नियात २०२२ च्या जानेवारीत लागू झाला, तेव्हा शेजारपाजारचे लोक कुरकुरत होते. मी नाही कुरकुरले. आणि चिठ्ठी मला.

त्या बाटलीच्या बुडाशी त्रिकोणी बाण होते आणि आत २ हा आकडा. दुधाच्या गॅलनच्या कॅनच्या बुडाशीही अगदी तेच. दुधाचा चालतो, ऑइलचा चालत नाही, हे कळायचं कसं? रागाच्या भरात त्या बाणांचा शोध घेतला. १९७० साली पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कंपनीने स्पर्धा ठेवली होती, त्यात गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने ते चिन्ह काढलं. १९८८ मध्ये प्लास्टिकवाल्यांनी ते उचललं आणि आत १ ते ७ आकडे बसवले. आकडा सांगतो फक्त प्लास्टिकची जात. पुढे त्याचं काही होईल असं वचन त्यात कुठेच नाही. म्हणजे बाण बघून आपण जे समाधानाने डब्यात टाकतो, तो आपला आपण करून घेतलेला समज. इथल्या सरकारलाही हे उशिराच सुचलं आणि २०२१ साली त्या बाणांवर बंधन आणणारा कायदा झाला. ऑइलची बाटली नाकारण्याचं कारण तसं साधं आहे: आतल्या बाजूला चिकटून राहिलेलं ऑइल बाकीचं प्लास्टिक खराब करतं. मी ती चोवीस तास उलटी ठेवून निथळवली होती हो. पण ते चिठ्ठीवाल्याला कोण सांगणार?

आता बाटली आली कुठून ते सांगते. गाडीचं ऑइल मी स्वतः बदलते. बाबांचं भोसरीला टेम्पो-रिक्षांचं छोटं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची आणि बसल्या बसल्या हाताला काम लागायचं. “नट आधी हाताने, पाना फक्त शेवटी. आटे गेले की चेंबर गेलं,” हे पाढ्यांसारखं पाठ आहे. इथे दुकानात ऑइल बदलायला शंभरच्या आसपास डॉलर लागतात, घरी चाळीसेकात काम होतं. नवरा आयटीतला. तो शेजारी उभा राहून टॉर्च धरतो आणि मित्रांना फोटो पाठवतो.

इंजिन कोमट असताना ऑइल काढायचं, नवा वॉशर, नवा फिल्टर, जुना फिल्टर रात्रभर उलटा निथळत ठेवायचा. तासाभराचं काम. शेवटी ट्रेमध्ये पाच क्वार्ट काळं ऑइल उरतं, पाच लिटरला थोडं कमी. या वेळी ते मी हाताशी होत्या त्या रिकाम्या मोठ्या कॅनमध्ये ओतलं. तो कॅन कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा होता. तळाशी हिरवं पाणी होतं दोन बोटं. मी पाहिलं होतं ते, खोटं कशाला बोलू? हात ऑइलने भरले होते, दुसरा डबा शोधायचा कंटाळा आला.

शनिवारी तो कॅन गाडीत घालून निघाले. सुट्या भागांची दुकानं इथे जुनं ऑइल फुकट घेतात, १९९१ च्या कायद्याने राज्याने ती सोय उभी केली आहे. नव्या ऑइलवर गॅलनमागे काही सेंट कर बसतो आणि त्यातूनच हे चालतं. कागदोपत्री तर नोंदणीकृत केंद्राकडे मागितले तर आणून दिलेल्या ऑइलचे गॅलनला चाळीस सेंटही मिळतात. मागताना कुणालाही पाहिलेलं नाही. पहिल्या दुकानात टाकी भरलेली, सोमवारी या. दुसऱ्या दुकानातल्या पोराने झाकण उघडायच्या आधी विचारलं, “यात आधी काय होतं?”

आणि मी खरं सांगितलं.

पुण्याला हा किस्सा सांगितल्यावर दादा फोनवर दोन मिनिटं हसत होता. पण ते पोरगं इतक्या सरळपणे विचारत होतं की खोटं सुचलंच नाही. त्याने डोकं हलवलं. कूलंट मिसळलेलं थोडं ऑइलसुद्धा त्यांची सगळी टाकी नासवतं आणि मग ती टाकी घातक कचरा म्हणून पैसे मोजून उचलायला लावावी लागते. मला कौंटीच्या घातक कचरा केंद्रावर पाठवण्यात आलं. तिथे फुकट घेतात, पण वेळ ठरवून. वेळ मिळाली एकोणीस दिवसांनंतरची, गुरुवारची, सकाळी दहा चाळीसची. पासपोर्ट ऑफिसची आठवण झाली. म्हणजे अर्धा दिवस रजा.

परतताना रस्त्याकडेला गाडी लावून दोन मिनिटं नुसती बसले. समोरच गटाराचं तोंड होतं आणि त्यावर मासा रंगवलेला: इथे काही टाकू नका, हे पाणी खाडीत जातं. एका वेळच्या ऑइलने दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब होऊ शकतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. मनात आलं नव्हतं असं म्हणणार नाही. पण मासा बघत होता.

भोसरीत काळ्या ऑइलला कधी पत्ता शोधावा लागला नाही. ते मागायलाच लोक यायचे. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला न्यायचे, कुणी दाराच्या चौकटीच्या बुडाला, कुणी गोठ्याच्या खांबांना. वाळवी लागत नाही म्हणून आमच्या स्वतःच्या माळ्याच्या तुळया काळ्याकुट्ट होत्या. बाबा पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे. चिठ्ठी नाही, अपॉइंटमेंट नाही, काही वाया नाही. हे मी इथल्या मित्रमंडळींना अभिमानाने सांगते.

गॅरेजच्या मागे पत्र्याच्या कुंपणालगत बसच्या सीटएवढी जागा होती, तिथली माती काळी आणि चिकट. उरलंसुरलं तिथे जायचं. तिथे काही उगवायचं नाही. “बरंय, गवत काढायला नको,” असं बाबा म्हणायचे. त्या कुंपणापासून वीस पावलांवर बोअर होती. हे मी सहसा सांगत नाही.

पण प्रमाण बघा ना. बाबांच्या गॅरेजमधून महिन्याला निघायचं त्याहून जास्त आमच्या गल्लीतूनच निघत असेल, इथे घरटी तीन गाड्या. आणि मला शिकवणारे हे कोण मोठे लागून गेले? निळ्या डब्यातलं वर्षानुवर्षं चीनला जात होतं. २०१८ मध्ये चीनने दार लावलं तेव्हा इथल्या कित्येक गावांना कळेना की आता याचं करायचं काय. भारतानेही २०१९ मध्ये परदेशी प्लास्टिक कचऱ्याला बंदी केली, तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं. आई दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजांना चिमट्याने लावायची आणि रद्दीवाल्याच्या तराजूवर तिचा करडा डोळा असायचा. आमच्या घरातलं काही समुद्र ओलांडून गेलं नाही.

आता आईबाबा दादाकडे कोथरूडला आहेत. तिथे ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ ची आणि त्यातूनच पुढे कचरावेचकांची ही सहकारी संस्था निघाली. मागच्या खेपेला गेले होते तेव्हा ताई जिन्यात बसून ओल्या पिशवीतून आमची दह्याची वाटी वेगळी काढत होत्या. मीच टाकली होती, न धुता. सुट्टीवर होते ना.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना कॅन दाखवला.

“अगं, फेकतेस कशाला? मागच्या लाकडी कुंपणाला मार. वाळवी फिरकायची नाही.”

“बाबा, इथे चालत नाही तसं.”

“कुणाला कळतंय? आणि घेतात किती त्याचे?”

“फुकट नेतात.”

बाबांनी चष्मा वर केला. “फुकट? मग त्यात त्यांचं काहीतरी असणार.”

आहेच. ऑइल झिजत नाही, नुसतं मळतं. एक गॅलन जुन्या ऑइलमधून शुद्ध करून अडीच क्वार्ट वंगण निघतं आणि तेवढंच वंगण कच्च्या तेलातून काढायचं तर बेचाळीस गॅलन लागतं. बाबांनी हे दोनदा ऐकून घेतलं. बेचाळीस? बेचाळीस. आयुष्यभर चहावर दिलेल्या मालाचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता.

“मग तुझं का नाही घेतलं?”

“त्यात कूलंट मिसळलं.”

“मिसळलं, की तू मिसळलंस?”

आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला.

कॅन सध्या गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, खाली पुठ्ठा घालून. येत्या शनिवारी सासूबाई येतायत, त्यांना रिकाम्या वेळात आवराआवर करायची सवय आहे. म्हणून मार्करने त्यावर मराठीतच लिहून ठेवलंय: हात लावू नका, गुरुवारी दहा चाळीसला जायचंय.