गाइडचा निळा ड्रेस आणि कमावलेले बॅज

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत बोर्डात आलेल्यांबद्दल, गॅदरिंगच्या नाटकांबद्दल, आपल्या खो-खोच्या टीमबद्दल बरेच जण लिहितील आणि लिहायलाच हवं, पण मला आपल्या गाइड पथकाच्या (मुलांचं स्काउट तसं मुलींचं गाइड) ड्रेसबद्दल आणि बॅजबद्दल लिहायचंय. आमच्या घरात ताई, मी आणि आता ताईची नात अशा तिघी याच शाळेच्या पथकातल्या. ताई १९७० ची अकरावी मॅट्रिक, मी १९८२ ची दहावी, आणि नात सध्या आठवीत. परवाच्या दिवाळीत तिघींचे ड्रेस एकाच पलंगावर मांडून आम्ही दुपारभर बोलत बसलो होतो.

ताईचा ड्रेस म्हणजे जाड सुती कापडाचा गडद निळा फ्रॉक, पुढून बटणं, दोन पाकीटखिसे, खांद्यावर पट्ट्या, बाजारपेठेतल्या शिंप्याने शिवलेला. आईने खालची दुमड मुद्दाम मोठी ठेवायला सांगितली होती आणि ताई वाढेल तशी ती उसवून लांबी वाढवायची, त्या दुमडीच्या रेषा अजून कापडावर दिसतात. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याचं पितळी बक्कल मेळाव्याच्या आदल्या रात्री चिंच आणि राखेने घासायचं. माझा ड्रेस कापायच्या बाबतीत तसाच पण टेरिकॉटचा, त्यामुळे इस्त्रीचा त्रास कमी आणि उन्हाळ्यात घाम भरपूर. दोन वेण्या, काळ्या रिबिनी, काळे बूट, डोक्यावर निळी बेरे टोपी, ती उजवीकडे झुकवायची का डावीकडे यावर आमच्यात चर्चा व्हायची आणि बाई येऊन सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या करायच्या.

हा निळा रंग कुठून आला ते बाईंनी आम्हाला सहावीतच सांगितलं होतं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा स्काउट मेळावा भरला आणि तिथे काही मुलीही स्काउटसारख्या टोप्या घालून, कुणी न बोलावता हजर झाल्या, आम्हालाही हे करायचंय म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाइड्सची वेगळी संघटना झाली, स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस तिच्या प्रमुख होत्या. पोशाख ठरला तो निळा. लगेच १९११ मध्ये आपल्याकडे जबलपूरला पहिलं गाइड पथक निघालं, पण ते युरोपियन मुलींचं, आपल्या मुलींना त्यात यायला काही वर्षं वाट बघावी लागली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाइड्स त्यात सामील झाल्या. मला ती न बोलावता आलेल्या मुलींची गोष्ट तेव्हा इतकी आवडली होती की मी घरी येऊन आजीलाही सांगितली, आजी म्हणाली, बरं केलं पोरींनी.

आता फ्रॉकचं सांगते. आठवी-नववीत गेलं की कितीतरी मुली पथक सोडायच्या आणि खरं कारण कुणी बोलून दाखवायचं नाही, पण कारण ड्रेसच होता. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालून गावातून शाळेत चालत यायचं हे घरच्यांना चालायचं नाही, आणि ज्या यायच्या त्यांनाही काठ्या बांधून मनोरा उभा करताना, दोरावरून जाताना, झाडाला क्लोव्ह हिचची गाठ मारायला वर चढताना सगळं लक्ष फ्रॉक सांभाळण्यात जायचं. मग आमच्या वेळच्या बाईंनी मोठ्या मुलींना सलवार-कमीज घालायला सांगितलं, रंग तोच निळा, खांद्याच्या पट्ट्या त्याच, आणि त्या वर्षी नववीच्या मुली पथकात टिकल्या. मला विचाराल तर ड्रेसमधला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि तो फार आधी व्हायला हवा होता. ज्या इंग्लंडमधून तो फ्रॉक आला त्या इंग्लंडमध्येही १९९० साली गाइड्सनी जेफ बँक्स नावाच्या फॅशन डिझायनरकडून नवा पोशाख करून घेतला, स्वेटशर्ट, बेसबॉल कॅप, ज्यात मुलींना धावता-चढता येईल असा. म्हणजे मुलींची अडचण सगळीकडे सारखीच होती.

स्कार्फ मात्र तिन्ही ड्रेसवर तोच त्रिकोणी आहे, आणि माझा जीव खरा त्याच्यात आहे. प्रत्येक पथकाचा रंग वेगळा, त्यामुळे जिल्हा मेळाव्यात लांबून स्कार्फ बघून कुठली शाळा ते ओळखू यायचं. तो नीट गुंडाळून, मागे त्रिकोणाचं टोक बरोबर मध्ये येईल असा घालायचा आणि पुढे वॉगल, म्हणजे दोन्ही टोकं एकत्र धरणारं कडं. वॉगल आम्ही स्वतः दोरी विणून करायचो, विकत मिळतो हे माहीतही नव्हतं. पण स्कार्फ शोभेचा नव्हताच, तो प्रथमोपचाराचं सामान होता. हात मोडला तर झोळी, डोक्याला लागलं तर पट्टी, पाय मुरगळला तर आवळून बांधायला. झोळीची गाठ रीफ नॉटच मारायची कारण ती सपाट बसते, मानेला टोचत नाही आणि सोडायला सोपी जाते. आमच्या एका मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा हात पेरूच्या झाडावरून पडून मोडला तेव्हा तिने गळ्यातला स्कार्फ काढून त्याला तिथल्या तिथे झोळी करून दिली आणि दवाखान्यात डॉक्टरांनी कुणी बांधलं म्हणून विचारलं, हे बाईंनी दुसऱ्या दिवशी पथकात सांगितलं तेव्हा आमच्या सगळ्या मोगरा पेट्रोलची मान ताठ झाली होती. (पेट्रोल म्हणजे पथकातला छोटा गट, गाइडच्या पेट्रोलला फुलांची नावं असतात, गुलाब, कमळ, आमचं मोगरा.)

बॅजचं तर काय सांगू. पथकात नाव घातलं की लगेच बॅज मिळायचा नाही. आधी प्रवेशाची तयारी, वचन, नियम, प्रार्थना, खूण, सॅल्यूट, गाठी, झेंड्याची माहिती, सगळं पाठ आणि हाताने करून दाखवायचं. मग दीक्षाविधी, तीन बोटं वर करून वचन म्हणायचं, डाव्या हाताने हस्तांदोलन, आणि तेव्हा बाई स्वतः बॅज लावायच्या. एक हिरव्या कापडावर पिवळा, स्काउटचं कमळासारखं फूल, त्यावर गाइडचं त्रिदल आणि मध्ये अशोकचक्र. दुसरा जागतिक बॅज, निळ्यावर सोनेरी त्रिदल. त्याची तीन पानं म्हणजे वचनाचे तीन भाग, दोन तारे म्हणजे वचन आणि नियम, मधली उभी शीर म्हणजे होकायंत्राची सुई. गाइड्सच्या जागतिक झेंड्यावरचं त्रिदल कारी आस नावाच्या नॉर्वेच्या बाईंनी १९३० च्या सुमाराला काढलं. पुढे आम्ही पुण्याला आळंदी रोडच्या संगम केंद्रात गेलो (जगभरच्या गाइड्सचं हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे, कितीतरी पुणेकरांना माहीत नसतं), तिथे परदेशातल्या मुलींचे ड्रेस वेगवेगळे, कुणाचा हिरवा, कुणाचा खाकी, भाषा आम्हाला कळत नव्हती, पण त्रिदल प्रत्येकीच्या अंगावर होतं आणि तेवढ्यावर आमची ओळख झाली.

प्रावीण्याचे बॅज बाहीवर. कुकचा बॅज मिळवायला बिनभांड्याचा स्वयंपाक करायला लागायचा, निखाऱ्यावर बटाटे, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक, पानात भाजलेलं वांगं, आणि परीक्षक ते खरंच खायचे. मिळालेला बॅज मशीनवर शिवायचा नाही, आपल्या हाताने काजटाक्याने शिवायचा असा आमच्या बाईंचा नियम होता. ताईच्या वहीत सेकंड क्लास, फर्स्ट क्लास असं लिहिलेलं आहे, आता नातीच्या वहीत प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. नावं बदलली, शिडी तीच. मला बदललेली नावं आवडतात, सोपान म्हटलं की मुलीला कळतं आपण पायऱ्या चढतोय.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. आता दुकानात अख्खा सेट मिळतो, ड्रेस, स्कार्फ, प्लॅस्टिकचा वॉगल, नायलॉनचा पट्टा, टोपी आणि बॅजसुद्धा, एकाच पिशवीत. आईवडिलांची धावपळ वाचते, कपडा चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बॅज विकत आणून पहिल्याच दिवशी शिवला तर त्या मुलीने वचन घेण्याआधीच तो अंगावर चढला, मग दीक्षाविधीला तिला द्यायचं काय? ड्रेस काळाप्रमाणे बदलू दे, सलवार-कमीज होऊ दे, पँट होऊ दे, मुलींना आणखी सोयीचं काही निघालं तर तेही येऊ दे. बॅज मात्र मिळवल्याशिवाय अंगावर येऊ नये. मला सांगायला फार आनंद होतो की आपल्या शाळेच्या आताच्या गाइड कॅप्टन बाई नेमकं हेच करतात. जूनमध्ये सेट आले की त्या प्रत्येकीच्या पिशवीतले बॅज काढून, नावाची चिठ्ठी लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवतात आणि प्रवेश झाल्यावरच देतात. नात घरी येऊन म्हणाली, आजी, माझा बॅज डब्यात आहे अजून, आणि गाठींचा सराव करायला बसली.

दुसरं, पैशाचं. आमच्या वेळी ज्या मुलींना ड्रेस शिवणं जमायचं नाही त्यांच्यासाठी बाईंच्या कपाटात मोठ्या मुलींनी दिलेले ड्रेस धुऊन इस्त्री करून ठेवलेले असायचे, कुणाला दिला हे कुणाला कळायचं नाही. खरी कमाईचे पैसेही त्यात जायचे, आम्ही भेळ विकून, शेंगा फोडून देऊन, पुस्तकांना कव्हरं घालून मिळवलेले. आज पूर्ण सेटचा खर्च अनेक घरांना जड जातो. ते कपाट पुन्हा सुरू व्हावं असं मला फार वाटतं आणि माजी विद्यार्थिनींनी मनावर घेतलं तर याच वर्षी होईल. मी आमच्या बॅचतर्फे सुरुवातीचे ड्रेस द्यायचं बाईंना सांगून ठेवलंय.

आणि महोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या शाळेच्या फोटोंशेजारी गाइडचे ड्रेस मांडायचं ठरलंय. ताईचा आणि माझा दिलाय. ज्यांच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातला ड्रेस, बेरे टोपी, पितळी पिन, सेकंड क्लासचा बॅज, बुलबुल (गाइडच्या आधीचं लहान मुलींचं पथक) असतानाचा कोमल पंख किंवा रजत पंख बॅज, जे काही असेल त्यांनी शाळेच्या ऑफिसमध्ये आणून द्या, सोबत चिठ्ठीवर नाव आणि दहावीचं किंवा अकरावीचं वर्ष लिहा, आणि बॅज उसवू नका, जसा शिवलाय तसाच राहू द्या.