रेस बोटीची स्क्रुटिनी: आधी नापास, मग पास. माझा अनुभव

रेसच्या आधी बोटीची स्क्रुटिनी होते, म्हणजे सेफ्टी तपासणी, आणि पास झाल्याचा स्टिकर लागल्याशिवाय बोट पाण्यात उतरवूच देत नाहीत. आमच्याकडे बोट धाकटा भाऊ चालवतो, आणि रिगिंग, वायरिंग, कागदपत्रं हे सगळं माझ्याकडे. पहिल्या वेळी आम्ही नापास झालो. नियमात काय काय हवं ते लिहिलेलं असतं, ते मी ओळ न् ओळ वाचून टिकमार्क करत तयारी केलेली, तरी नापास. का हवं ते मला नंतर कळलं म्हणून हे लिहितेय.

तपासायला एक वयस्कर काका होते. हातात टॉर्च, छोटा आरसा आणि एक नाणं. बराच वेळ काही न बोलता बोटीभोवती फिरले, कॉकपिटमधे वाकले, खाली झोपून बघितलं, आणि मग म्हणाले, "बोट छान बांधलीय तुम्ही. पण सगळी सुलटी तपासलीय. उलटी तपासा, मग या."

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री विचार करताना पटलं. आमची टनेल बोट आहे, दोन बाजूंना दोन स्पॉन्सन (पोकळ, तरंगणारे भाग) आणि मधे बोगदा. वेग वाढला की बोगद्यातली हवा बोटीला उचलून धरते, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो आणि बोट अजून पळते. पण लाटेवर किंवा समोरच्या वाऱ्यात नाक थोडंसं जास्त उचललं गेलं की तीच हवा बोटीला मागे कोलांटी खायला लावते. वेगाचे विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल यांची ब्लूबर्ड बोट 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटर तलावावर ताशी 300 मैलांच्या वर असताना नाक वर करून उलटली आणि ते गेले, ती फिल्म आम्ही दोघांनी कितीतरी वेळा पाहिलीय. ती जेट इंजिनची बोट, आमच्याहून पूर्ण वेगळी, पण हवा खाली शिरल्यावर काय होतं ते तेच. म्हणजे उलटणं हे या खेळात धरूनच चालायचं असतं, आणि मी मात्र सगळं ट्रॉलीवर उभ्या असलेल्या बोटीचं तपासत बसलेले.

सगळ्यात मोठा शेरा किल स्विचवर होता आणि त्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण हे कुणाच्याही बोटीत असू शकतं. किल कॉर्डचं एक टोक ड्रायव्हरच्या जॅकेटला, दुसऱ्या टोकाची क्लिप स्विचमधे, दोरी ओढली गेली की क्लिप निघते आणि इंजिन बंद. बेल्टने बांधलेला ड्रायव्हर असला तरी ही लागतेच, कारण बोट गरागरा फिरून परत सुलटी पडली आणि थ्रॉटल अडकलेला असला तर मदतीला येणाऱ्या डायव्हरच्या शेजारी प्रॉप (बोटीचा पंखा) फिरत राहील. तर काकांनी पाण्याचा पाइप लावून इंजिन चालू करायला लावलं (पाण्याशिवाय चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर जळतो), दोरी ओढली, इंजिन बंद झालं. आम्ही खूश. मग म्हणाले परत चालू करा, आणि या वेळी त्यांनी एका हाताने वायरिंगचा जुडगा धरून थोडा वाकवला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. क्लिप हातात आली आणि इंजिन चालूच.

माझे हातपाय गार पडले. त्याच बोटीतून भाऊ आदल्या आठवड्यात प्रॅक्टिस करून आलेला.

घरी येऊन किल स्विचच्या वायरचं आवरण कापलं तर लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडाच्या, तोंडाशी तांबं हिरवं पडलेलं, हाताचं बोट लावलं की पूड निघत होती, आणि इतक्या सगळ्या तारांपैकी दोनच जोडलेल्या. आता मुद्दा असा की आमच्यासारख्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाच्या) इग्निशनमधे ही स्टॉप वायर ग्राउंडला टेकली की स्पार्क बंद होतो. म्हणजे ती वायर तुटली तर इंजिन बंद पडत नाही, ते बंदच करता येत नाही! दिव्याची वायर तुटली की दिवा जातो हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, इथे बरोबर त्याच्या उलट आहे. बोट छान चालतेय म्हणजे वायर ठीक आहे असं अजिबात नाही. मी पूर्ण वायर बदलली, कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर घेतली, नीट क्रिंप केलं, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, आणि जोडाच्या अगदी जवळ क्लॅम्प लावून वायर बांधली म्हणजे कंपनाचा मार जोडावर येत नाही. सोल्डर केलं नाही, कारण सोल्डर वायरच्या आत ओढलं जाऊन तिथे कडक होतं आणि नेमकी तिथेच ती मोडते. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून, क्लिप काढलेली ठेवून, वायर टोकापासून टोकापर्यंत वाकवत गेले, बीप एकदाही तुटता कामा नये. हे काम पाच मिनिटांचं आहे. मी ते आधी एकदाही केलं नव्हतं.

दुसरा शेरा ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, जिथे मोटर बसते. नाणं खरं की खोटं ते वाजवून बघतात ना, तसं काका नाण्याने बोट वाजवत होते. टक टक टक, सगळीकडे खणखणीत, आणि खालच्या मोटर बोल्टजवळ तळहाताएवढ्या जागेत एकदम बद्द. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) चकाचक. तिथली फायबरची कातडी उघडली तर आतलं प्लाय ओलं आणि काळं. बोल्टचं भोक सील केलेलं नव्हतं, तिथून पाणी मुरत गेलेलं. कुजलेलं काढलं, उरलेलं पूर्ण वाळेपर्यंत थांबलो (इथे भाऊ रोज विचारायचा, ताई झालं का, आणि मी रोज नाही म्हणायचे), नवीन लाकूड बसवलं, भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्या इपॉक्सीतून परत बोल्टच्या मापाची भोकं पाडली, आता पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

स्टिअरिंगच्या केबलला एक क्लॅम्प उलटा लागलेला, क्लॅम्पचं खोगीर भार घेणाऱ्या दोरावर हवं आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, तो लगेच फिरवला. सगळे नट नायलॉन लॉकचे नवीन घातले, जुने परत वापरले नाहीत.

मग उलटी तपासणी सुरू केली. पेट्रोलची टाकी काढून थोडं पेट्रोल ठेवून पालथी धरली तर व्हेंटमधून (हवा जायच्या तोंडातून) टपटप गळायला लागलं, व्हॉल्व्ह बदलला. बॅटरी रबरी पट्ट्याने बांधलेली, वरून दाबली की घट्ट वाटायची पण खालून उचलली की हलायची, तिला धातूची पट्टी आणि आरपार बोल्ट केले. अग्निशामकाचं पण तसंच. स्पॉन्सनच्या बंद कप्प्यांत अगदी हलकी हवा भरून (जोरात भरली तर डेक उकलेल) जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं, एका इन्स्पेक्शन झाकणाच्या कडेला बुडबुडे आले. ते कप्पे हवाबंद असले तरच उलटलेली बोट तरंगत राहते, आणि ती तरंगत राहिली तरच आत अडकलेल्या माणसाला वेळ मिळतो.

आणि राहिला माणूस. ड्रायव्हरची पाण्याखालची टेस्ट वेगळी असते, स्विमिंग पूलमधे कॉकपिटचा सांगाडा, त्यात बेल्ट लावून बसवतात आणि उलटा करतात, स्वतःहून बाहेर यायचं. भावाने ती आधी पास केलेली होती पण काकांचं वाक्य डोक्यात बसल्यामुळे मी म्हटलं आपण पूर्ण ड्रेसमधे, आपल्याच जॅकेट-हेल्मेटसह, ट्रेनर आणि दोन डायव्हर शेजारी ठेवून परत करू. मी काठावर उभी. सांगाडा उलटला, आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिला. फार नाही, काही सेकंद, पण मला पाण्याखाली फक्त त्याचा एक हात दिसत होता, पोटाजवळ काहीतरी चाचपडणारा. बाहेर आला तेव्हा धापा टाकत एवढंच म्हणाला, "ताई, बक्कल सापडत नव्हतं."

झालं असं होतं की सुलटं बसलं की जॅकेटची खालची कड बकलच्या वर असते. पण पाण्यात उलटं झालं की जॅकेट त्याला वर, म्हणजे बोटीच्या तळाकडे, ढकलतं, आणि कड सरकून बरोबर बकलवर येते. ट्रॉलीवर हे कधीच दिसलं नसतं. जॅकेटचे पट्टे नव्याने घट्ट केले, बेल्टची पोटाची पट्टी खाली ओढून बसवली, आणि मग तो दहा वेळा उलटा झाला. क्रम ठरलेला: एका हाताने कॉकपिटची कड पकडायची आणि सोडायची नाही, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, स्टिअरिंग व्हील काढायचं, बक्कल सगळ्यात शेवटी. बक्कल आधी सोडलं तर माणूस तरंगून भलतीकडे जातो आणि वर कुठे खाली कुठे कळत नाही.

बाकी किरकोळ होतं. बेल्टच्या लेबलवरची तारीख, हेल्मेटच्या आतला स्नेलचा (हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचा) स्टिकर, लॉगबुक, नंबरांचा रंग, प्रॉपला पिटमधे घालायचं कव्हर. हे आधीपासून बरोबर होतं.

दुसऱ्या तपासणीला तेच काका. यादी त्यांच्या लक्षात होती. नाणं काढून ट्रान्सम वाजवला, पूर्ण खणखणीत. इंजिन चालू, जुडगा धरला, या वेळी चांगला पिरगाळला, दोरी ओढली, आवाज जागच्या जागी थांबला. परत चालू, दुसरीकडे वाकवून ओढली, परत थांबला. मी श्वास रोखून उभी होते.

मग त्यांनी भावाला पूर्ण ड्रेसमधे आत बसवलं, बेल्ट लावायला सांगितला आणि म्हणाले, "डोळे मीट. कड कुठंय?" त्याने हात ठेवला. "कॉर्ड?" ठेवला. "व्हील?" खट् करून निघालं. "बक्कल?" हात सरळ बकलवर गेला, एकदाही चाचपडला नाही. काकांनी कागदावर सही केली आणि स्टिकर माझ्या हातात दिला, तुम्हीच लावा म्हणाले.